४० एक्स धूसर दिसतंय ना, मग पुसायच्या आधी घाण कुठं आहे ते शोधा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून तुम्ही नागपुरातल्या एका छोट्या लॅबमध्ये लागल्या, तीन महिन्यांत मायक्रोस्कोपचं ४० एक्स, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारी लेन्स, धूसर झालं, १० आणि १०० ला मात्र ठीक दिसतं, फील्डच्या एका कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसून राहिलं, सोबतचे म्हणतात स्पिरिटच्या कापसानं दाबून पुस, आणि वरून हाच मायक्रोस्कोप महिन्यातून एकदा सिकलसेलच्या (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) तपासणी कॅम्पला जीपमध्ये जातो. सत्तावीस वर्षं मी हेच काम करतोय, आधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि नंतर पोरांना शिकवताना, म्हणून सगळ्यात आधी एकच सांगतो: तो स्पिरिटचा कापूस खाली ठेवा. मी जेवढ्या लेन्सा खराब झालेल्या पाहिल्या त्यातल्या घाणीनं कमी आणि पुसण्यानं जास्त गेल्या. घाण काढता येते, ओरखडा निघत नाही.

तुमच्या बोलण्यावरून मला तरी हे दोन वेगळे प्रॉब्लेम वाटतात. धूसरपणा फक्त ४० ला आहे म्हणजे तो बहुतेक ४० च्या ऑब्जेक्टिव्हचा, म्हणजे स्लाईडजवळच्या लेन्सचा, आहे, जाळं जर सगळ्या पॉवरला दिसत असेल तर ते बहुतेक आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, आहे. हे ओळखायला काही लागत नाही, नुसता हात लागतो. मायक्रोस्कोप चालू ठेवा, फोकस करा आणि आयपीस जागच्या जागी हळूच गोल फिरवा. डाग सोबत फिरला तर तो आयपीसचा. नाही फिरला तर स्लाईड सरकवा, डाग सरकला तर स्लाईडचा. तरी जागचा हलत नसेल तर कंडेन्सर, म्हणजे स्लाईडखालचं उजेड गोळा करणारं भिंग, थोडा खालीवर करा, डाग फोकसमधून आत-बाहेर झाला तर कंडेन्सरवर किंवा दिव्याच्या काचेवर धूळ आहे. आणि नोजपीस, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह बसवलेली गोल चकती, फिरवून दुसरं ऑब्जेक्टिव्ह लावल्यावर गायब झाला तर तो त्या ऑब्जेक्टिव्हचाच, यात शंका ठेवायची नाही. पूर्ण दोन मिनिटंही लागत नाहीत बाप्पा, पण लोक हे न करता दिसेल ती काच पुसत सुटतात, स्वच्छ असलेल्या चार काचा विनाकारण घासल्या जातात आणि घाण आहे तिथंच राहते.

४० एक्स धूसर म्हणजे लेन्स घाण असंच धरून चालू नका, अजून एक गोष्ट आहे जी शिकवतानासुद्धा राहून जाते. ४० चं ऑब्जेक्टिव्ह हे कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) धरून बनवलेलं असतं, त्याच्यावर बारीक अक्षरात ०.१७ लिहिलेलं असेल पहा, म्हणजे ०.१७ मिलिमीटर जाडीची कव्हरस्लिप. तुम्ही लीशमन रंगानं रंगवलेला रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) कव्हरस्लिप न लावता ४० ला पाहिला तर तो थोडा धुरकट दिसणारच, लेन्स कितीही चकचकीत असली तरी. दोन कव्हरस्लिप एकमेकींना चिकटून एकदम लागल्या तरी तेच होतं, दमट दिवसात त्या चिकटतात. स्लाईड उलटी ठेवली तर १० ला छान दिसतं, ४० ला फोकस येता येत नाही आणि १०० ला तर येतच नाही, त्या नादात कोर्स, म्हणजे मोठा फोकस नॉब, फिरवत राहिलं की काच फुटते. म्हणून आधी एक चांगली, माहीत असलेली, कव्हरस्लिप लावलेली स्लाईड घ्या आणि तिच्यावर तपासा. आमच्या लॅबमध्ये अशी एक स्लाईड खास डब्यात ठेवलेली असायची, फक्त मायक्रोस्कोप तपासायला, रुटीन कामाला नाही.

आता समजा तिच्यावरही ४० धूसरच आहे. तर मग माझा पहिला संशय तेलावर. १०० ला इमर्शन ऑइल, म्हणजे लेन्स आणि स्लाईडच्या मधलं तेल, टाकून स्मिअर पाहिला आणि मग परत ४० ला यायचं म्हणून नोजपीस मागं फिरवलं, संपलं. ४० आणि स्लाईडमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, तेलाचा थेंब त्याच्यापेक्षा उंच असतो, ४० त्या थेंबातून सरळ पोहत जातं. हा नियम पाठच करा की तेल टाकलं की ४० बंद, त्या स्लाईडवर परत जायचंच असेल तर स्लाईड काढा, तेल पुसा, मग १० पासून सुरू करा. दुसरा संशय तुमच्या सिकलिंगच्या, म्हणजे सिकलसेल तपासायच्या, स्लाईडवर आहे. २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून कव्हरस्लिपच्या कडा व्हॅसलीननं किंवा नेलपॉलिशनं सील करता ना, ते सील जास्त झालं किंवा नेलपॉलिश पूर्ण वाळायच्या आधी स्लाईड स्टेजवर आली की कडेचं फील्ड पाहताना ४० त्याच्यावर जाऊन टेकतं. १०० ला काही होत नाही कारण ती स्लाईड आपण १०० ला पाहतच नाही. तुमच्या लॅबमध्ये कॅम्पचं काम होतं म्हणून मला हे जास्त शक्य वाटतं.

कसं साफ करायचं ते नीट सांगतो, इथं घाई करू नका. ऑब्जेक्टिव्ह नोजपीसवरून आट्या सोडून हळूच काढा, खाली स्वच्छ कपडा अंथरून, पडलंच तर टेबलावर पडलं पाहिजे, फरशीवर नाही. आयपीस काढून उलटा धरा, तो भिंगासारखा वापरता येतो, त्यातून ऑब्जेक्टिव्हच्या पुढच्या काचेवर दिव्याचा उजेड तिरपा पाडून पहा. तेलाचा थर इंद्रधनुषी चमकतो, व्हॅसलीन ढगासारखं दिसतं, ओरखडा सरळ रेघ दिसतो. मग रबरी ब्लोअरनं हवा मारा, तोंडानं फुंकर नाही, फुंकरीसोबत थुंकी जाते. हवेनं सुटी धूळ गेल्याशिवाय काचेला काहीच लावायचं नाही, कारण आपल्याकडची धूळ म्हणजे नुसती माती नाही, सिमेंट रोडचं काम कुठं ना कुठं चालूच असतं, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूला राख उडते, त्यात वाळूचे बारीक कण असतात, ते कापसाखाली दाबून फिरवले म्हणजे लेन्सवर सँडपेपर फिरवल्यासारखंच आहे.

त्यानंतर लेन्स पेपर. टिश्यू पेपर नाही, गॉज नाही, ॲप्रनचं टोक तर अजिबात नाही. ४० ची पुढची काच अगदी बारीक असते आणि पुष्कळदा आत दबलेली, वाटीसारखी असते, तिथं सपाट पेपर पोचत नाही आणि तेल त्या खड्ड्यातच बसून राहतं, म्हणून पुसूनसुद्धा धूसर दिसतं. लेन्स पेपरची टोकदार सुरळी करा, तिच्या टोकाला लेन्स क्लीनर किंवा पेट्रोलियम ईथरचा अगदी थोडा ओलावा घ्या, थेंब टपकेल इतका नाही, मधून सुरू करून बाहेरच्या कडेकडे गोल फिरवत आणा, सुरळी फेका, दुसरी घ्या. एक सुरळी दोनदा वापरायची नाही. तीन-चार सुरळ्यांत साफ होतं. शेवटी कोरडी एक फिरवा. ईथर पेटतं, वास डोक्यात जातो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि बाजूला स्पिरिट लॅम्प किंवा स्टेनिंगचा जाळ नको, आपल्याकडं झेडएन (टीबीच्या जंतूंसाठीचं) स्टेनिंग त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चालू असतं म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

स्पिरिट का नको तर त्यानं इमर्शन ऑइल नीट विरघळतच नाही, ते नुसतं पसरतं, शिवाय लॅबमधल्या स्पिरिटमध्ये काय काय मिसळलेलं असतं आणि सुकल्यावर थर सोडतं. झायलीनचा प्रश्न वेगळा आहे. झायलीन तेल काढतं, खूप लॅबमध्ये तेच वापरतात, पण लेन्सा आत ज्या सिमेंटनं चिकटवलेल्या असतात ते सुद्धा झायलीन सोडवतं. नोकरीच्या पहिल्या वर्षात १०० च्या ऑब्जेक्टिव्हवर जुनं सीडरवुड ऑइल वाळून घट्ट बसलं होतं म्हणून मी झायलीनमध्ये भिजवलेला कापूस त्याच्या तोंडाला लावून रात्रभर ठेवला. सकाळी वरची घाण गेली होती आणि आतमध्ये पांढुरकी कड आली होती, ते ऑब्जेक्टिव्ह परत कधीच नीट दिसलं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं. वाळलेल्या जुन्या तेलासाठी झायलीन वापरायचंच असेल तर पेपर नुसता ओला करून एकदा फिरवा, लगेच कोरड्यानं पुसा. त्यापेक्षा सीडरवुड बंद करून सिंथेटिक इमर्शन ऑइल आणा, ते वाळून घट्ट होत नाही. आणि खोबरेल, शिलाई मशीनचं तेल वगैरे प्रयोग नकोत. तेलाचं काम चिकटपणाचं नाही, त्याचा अपवर्तनांक १.५१५ म्हणजे जवळपास काचेइतका असतो म्हणून प्रकाश स्लाईडमधून न वाकता लेन्समध्ये शिरतो, तो आकडा चुकला की १०० चा उपयोगच गेला.

इतकं करून पाहिलं, उलट्या आयपीसमधून बाहेरची काच स्वच्छ दिसतेय तरी धूसरच, तर तेल आत झिरपलंय किंवा आत बुरशी आहे. तिथं थांबायचं. ४० आणि १०० मध्ये स्प्रिंग असते, आतल्या लेन्सा विशिष्ट अंतरावर बसवलेल्या असतात, घरी उघडल्या की परत तशा बसत नाहीत. सर्व्हिसवाल्याला द्या.

तुम्हाला वाटेल एका लेन्सचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी ज्या ठिकाणी होतो तिथं एकदा टीबी तपासायची थुंकीची स्लाईड मी निगेटिव्ह दिली होती, शंभर फील्ड मोजून दिली होती, आळस केला नव्हता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मायक्रोस्कोपवर सीनियरनं तीच स्लाईड पाहिली तर शंभर फील्डमध्ये सहा बॅसिलाय (टीबीचे जंतू), म्हणजे स्कँटी, अगदी कमी पण पॉझिटिव्ह. माझ्या १०० वर तेलाचा जुना पातळ थर होता. इतका पातळ की मला रोज तसंच दिसायचं आणि मी त्यालाच नीट समजत होतो. पेशंटला निरोप गेला, औषध वेळेवर सुरू झालं, पण रिपोर्ट तर माझ्या सहीनं गेला होता. स्कँटी टीबी, कमी पॅरासाइटचा मलेरिया, रात्रीच्या रक्तातला एखादा मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या जंताचं पिल्लू), आपल्या विदर्भात हे सगळं येतं आणि हेच धूसर लेन्समध्ये आधी हरवतं.

आता ते जाळं. आयपीस फिरवल्यावर जाळं फिरलं तर ती बहुतेक बुरशी असणार. आयपीसच्या बाहेरच्या काचेवर असेल तर पुसून जाईल, आत असेल तर सर्व्हिस. पण ती आली कुठून हे समजून घ्या नाहीतर परत येईल. लोकांना वाटतं नागपूर कोरडं, इथं कुठली बुरशी, ती मुंबई-कोकणात. तसं नाही. जून संपता संपता पाऊस बसला की पोळ्यानंतर मारबत निघेपर्यंत हवा दमटच असते. आणि त्याच्याही आधी एप्रिल-मे मध्ये आपण स्वतः दमटपणा तयार करतो, तो म्हणजे कूलर. नवतप्यात, मेअखेरच्या कडक उन्हात, ४५ अंशावर कूलरशिवाय बसता येत नाही हे मला मान्य आहे, पण कूलरची हवा म्हणजे ओल आणि खसच्या टट्टीतून आलेली धूळ, आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं, बारीक तुषार उडून वाळले की काचेवर पांढरे ठिपके. मी पाहिलेल्या कितीतरी लॅबमध्ये मायक्रोस्कोपचं टेबल कूलरच्या बरोबर समोर असतं कारण माणूस तिथं जास्त वेळ बसतो. टेबल फिरवा. हवा पाठीला किंवा बाजूनं लागू द्या, मायक्रोस्कोपवर नाही.

पावसाळ्यात अजून एक चूक होते ती प्लास्टिकच्या कव्हरची. उन्हाळ्यात, हिवाळ्यात धुळीसाठी कव्हर पाहिजेच. पण पावसाळ्यात ओल आत कोंडून ठेवणारं प्लास्टिक रात्रभर घातलं म्हणजे बुरशीला घर करून दिलं. तेव्हा सुती कापडाचं कव्हर वापरा, किंवा लाकडी पेटी किंवा छोटं कपाट असेल तर आत ४० वॅटचा साधा बल्ब लावून ठेवा, जुन्या लोकांचा उपाय आहे, बल्बच्या उष्णतेनं आतली हवा कोरडी राहते. बल्ब लाकडाला आणि मायक्रोस्कोपला टेकू नये आणि वर दोन भोकं पाहिजेत एवढं पहा. आयपीस, ऑब्जेक्टिव्ह काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवले तरी चालतं, फक्त नोजपीसची भोकं बूच लावून बंद करा नाहीतर धूळ सरळ प्रिझमवर. निळं सिलिका जेल गुलाबी झालं म्हणजे भरलं, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशाला तापवून परत निळं करायचं. वर्षभर गुलाबी पडलेली पुडी डब्यात असणं आणि नसणं सारखंच.

एसी असेल तर वेगळं लक्षात ठेवा. थंड खोलीतून मायक्रोस्कोप एकदम पावसाळी हवेत काढला की काचेवर दव धरतं, आतूनही. अर्धा तास पेटीतच राहू द्या, मग उघडा.

रोजच्या वापराचं फार सांगत नाही, तुम्ही शिकून आल्या आहात. दोन्ही हातांनी उचला, एक आर्मला, एक खाली बेसला. १० वर फोकस करून मगच वर जा, ४० आणि १०० ला कोर्स हातात घ्यायचाच नाही, १०० ला तर अंतर जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर राहतं. लेन्स जवळ आणताना डोळा आयपीसला नाही तर बाजूनं स्लाईडकडे, फोकस करताना दोघांमधलं अंतर वाढत जाईल अशा दिशेनं. फोकसच्या दोन बाजूंच्या नॉब एकमेकींच्या उलट पिळू नका, गिअर जातात. स्टेज आपोआप खाली घसरत असेल तर बहुतेक मॉडेलला टेन्शनची रिंग असते, ती थोडी आवळा.

दिवा हॅलोजन असेल, बहुतेक ६ व्होल्ट २० वॅटचा असतो, तर चालू करताना आणि बंद करताना उजेडाचा नॉब आधी सगळ्यात कमीवर आणायचा, बल्बचं आयुष्य त्यानं वाढतं. बदलायचा असेल तर प्लग काढा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या आणि नवीन बल्ब उघड्या बोटांनी धरू नका, बोटाचा तेलकट ठसा तापून तिथंच काच कमजोर होते. थ्री-पिन प्लगची अर्थिंग खरी आहे की नुसती पिन लावलेली आहे हे इलेक्ट्रिशियनला एकदा विचारा. मान्सूनच्या आधीच्या वावटळीत लाइट सारखी जाते-येते, तेव्हा स्टॅबिलायझर किंवा यूपीएसवरच चालवा आणि लाइट गेली की स्विच बंद करा, येताना जो झटका येतो तो बल्बवर येतो. आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर आरसा सूर्याकडे कधीच वळवू नका, डोळा जाऊ शकतो. खिडकीतलं मोकळं आभाळ पुरतं.

आणि तुमची स्वतःची काळजी. हातमोजे घालून सॅम्पल हाताळलं आणि त्याच हातानं फोकसचा नॉब धरला तर नॉबवर जे लागलं ते पुढच्या माणसाच्या हाताला. एक हात तरी स्वच्छ ठेवा, नाहीतर मोजे काढून मगच बसा. लघवीचा, स्टूलचा वेट माउंट (ओली स्लाईड) स्टेजवर सांडला तर लगेच टिपा आणि ७० टक्के अल्कोहोलनं स्टेजचा धातू पुसा, लेन्स नाही. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट बाकी सगळीकडं चांगलं पण मायक्रोस्कोपच्या धातूला गंज आणतं, तिथं नको. डोळे आलेले असतील तर त्या दिवशी मायक्रोस्कोपवर बसू नका, बसावंच लागलं तर आयपीसचे रबर आधी आणि नंतर दोन्ही वेळा अल्कोहोलनं पुसा, एका आयपीसवरून पूर्ण स्टाफचे डोळे आलेले मी पाहिले आहेत. दोन आयपीसमधलं अंतर रोज आपल्या डोळ्यांप्रमाणे लावून घ्या, खुर्ची इतकी उंच ठेवा की मान न वाकवता डोळा आयपीसला पोचेल. संध्याकाळी डोकं दुखतं त्याचं कारण पुष्कळदा चष्मा नसून खुर्ची असते.

शेवटी कॅम्पचं. शक्य असेल तर या कामाला जुना, दुसरा मायक्रोस्कोप ठेवा, कारण स्क्रीनिंग सॉल्युबिलिटी टेस्टनंही होतं आणि पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनी, तिथं लॅबमधला सगळ्यात चांगला मायक्रोस्कोप न्यायची गरज नसते. एकच असेल तर नेताना सगळ्यात लहान ऑब्जेक्टिव्ह खाली, स्टेज खाली, स्लाईड स्टेजवर नाही, आयपीस काढून कापडात, मूळ थर्माकोलची पेटी असेल तर तीच. जीपच्या मागच्या डिकीत नाही, काटोल रोडचा एकेक दचका तिथं दुप्पट लागतो, मधल्या सीटवर कुणीतरी मांडीवर किंवा बाजूला धरून. दुपारी बंद गाडीत उन्हात ठेवून जेवायला जायचं नाही, आतलं ग्रीस पातळ होऊन वाहतं, सिमेंट सुटतं. परत आल्यावर त्याच संध्याकाळी ब्लोअर मारा, उलट्या आयपीसमधून ४० ची पुढची काच पहा आणि व्हॅसलीन दिसलं तर तेव्हाच काढा, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवू नका.